छत्तीस पॉइंट चार सेकंद

आधीच सांगतो, मी फिजिक्सचा माणूस. बायको देवळात जाते, मी बाहेर चपला राखत उभा राहतो. भूतबित, करणी, अंगात येणं... सगळं झूठ! हेही लाजत लाजतच लिहितोय, कारण घरात बोलायची सोय राहिली नाही.

इथं संभाजीनगरातल्याच एका कॉलेजात मी एकवीस वर्षं शिकवतोय. माझी मुलगी ऋतुजा तिथंच बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. आणि तिथंच तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या नसरीन मॅडम. राहायला शहागंजात, मराठी अशी की ऐकत राहावं. त्यांच्या पोस्टमॉडर्न विचारावरच्या लेक्चरला पोरं खिडकीत बसायची. माझ्या वर्गात नुसते पंखे फिरायचे. जळफळाट व्हायचा हो! तोही गिळला असता, पण एकदा जेवताना ऋतुजा म्हणाली, "पप्पा, मॅडम म्हणतात सत्य सापेक्ष असतं. फिजिक्सनंच सिद्ध केलंय ना?"

"सापेक्षता म्हणजे ज्याला जे वाटेल ते नव्हे!" मी ओरडलोच. "तिथं दोघांच्या मापांना जोडणारं सूत्र असतं. प्रकाशाचा वेग तर सगळ्यांना सारखाच!"

तिनं गुपचूप ताटाशेजारी शाखा बदलायचा अर्ज ठेवला. फिजिक्स सोडून मॅडमकडं जायचं होतं. माझी पोर, त्यांच्याकडं!

मी पैज लावली. मॅडमनी लॅबमध्ये यावं, एकच लंबक दोघांनी मोजावा. वेळ जुळली तर ऋतुजा इथंच राहील, नाहीतर मी सही करीन.

शनिवारी भर दुपारी वीस-पंचवीस पोरं जमली. मीटरभर दोरा, पितळी गोळा, दोन स्टॉपवॉच. ऋतुजा झोके मोठ्यानं मोजणार, "शून्य" म्हणताच दोघांनी बटण दाबून घड्याळ सुरू करायचं, "वीस" म्हणताच बंद.

माझं आलं चाळीस पॉइंट एक. अगदी पुस्तकातलं. मॅडमचं — छत्तीस पॉइंट चार.

दोघांचे अंगठे एकदमच दाबले गेले होते, सगळ्यांनी पाहिलं. घड्याळं बदलली... तेच. तिसऱ्यांदा... तेच! मग दोन्ही घड्याळं मी एकट्यानं चालवून पाहिली, तर तंतोतंत जुळली. अंगावर काटा आला.

मॅडमच घाबरल्या. "सर, माझाच हात चुकला असंल. जाऊ द्या ना, तुमचंच खरं."

ते जास्त झोंबलं. ऋतुजा त्यांच्याकडं बघत होती, लहानपणी माझ्याकडं बघायची तशी.

सगळे गेले. टेबलावर ऋतुजाचं जर्नल उघडंच होतं, तिनं दोन्ही वेळा लिहिल्या होत्या. मी मॅडमचे तिन्ही आकडे ब्लेडनं खरवडले आणि तिथं चाळीस पॉइंट दोन लिहिलं. आमच्याकडं पोरं याला 'रीडिंग बसवणं' म्हणतात... उत्तर आधीच माहीत असतं ना! यासाठी मी कित्येकांची जर्नलं दाराबाहेर भिरकावली आहेत.

मान वर केली तर दारात ऋतुजा. जर्नल न्यायला परत आली होती.

"पप्पा, तुम्हालाही तीनदा दिसलं होतं ना?" एवढंच म्हणाली.

सही मी त्याच संध्याकाळी केली. आता ती मॅडमच्या वर्गात पहिल्या बाकावर बसते. हेवा अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू?

छत्तीस पॉइंट चार कुठून आलं, ते मला आजही कळलेलं नाही. कुणाला कारण सुचलं तर जरूर सांगा. पण ते तुम्हीच ऋतुजाला सांगा. मी सांगितलं तर ती ऐकून घेईल, खरं मानणार नाही.