अडीच व्होल्ट

"आधी शून्य बघा," असं म्हणत मामा मुलांच्या टेबलावरचा चुंबक उचलून थेट खिडकीत नेऊन ठेवायचे.

सेलूच्या आमच्या कॉलेजात ते प्रयोगशाळा सहायक होते आणि मी भौतिकशास्त्र शिकवायची. पण चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर मुलांना कळायचा तो मामांकडूनच. डाळीएवढा काळा तुकडा, तीन बारीक पाय. जवळ चुंबक नसला की मीटरवर अडीच व्होल्ट. एक ध्रुव आला की आकडा चढतो, दुसरा आला की उतरतो.

"अडीच म्हंजे ह्याचं शून्य. पर चपटं तोंड चुंबकाकडंच पायजे. कड केली की चुंबक असून बी अडीचच दाखवतंय, अन् माणूस फसतंय."

मामींना पेसमेकर बसवला आणि डॉक्टरांनी चुंबक छातीपासून लांब ठेवायला सांगितला. झालं! सेन्सर मोडक्या फूटपट्टीला चिकटवून, मीटर पिशवीत घालून मामा गावभर हिंडू लागले. ताक फुंकून पिणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. मामा ताक मोजून पीत. फ्रिजचं दार, मोबाइलचं कव्हर, शेजारणीची पर्स, काही सोडलं नाही. दुकानदार विचारायचा, "मामा, सोनं हुडकायलात का?"

संक्रांतीला मी वाण म्हणून पदराच्या नाजूक पिना वाटल्या. त्यांत चुंबक होता. मी भौतिकशास्त्राची बाई, आणि मला मामींची आठवण झाली नाही. मामा माझ्या दारातच पट्टी काढून मामींची पिन मोजायला लागले. मामी लाजून म्हणाल्या, "अवो, पुरे की. बायका हसायल्यात." घाईघाईत मामांनी अडीच वाचलं आणि पट्टी पिशवीत टाकली.

पंधरा दिवसांनी मामी गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पेसमेकर तपासून डॉक्टरांनी सांगितलं, तो ठीक आहे, त्याचा काही संबंध नाही. मामांना ते पटलं नाही.

तेरावं झाल्यावर ते पिन घेऊन प्रयोगशाळेत आले. "मॅडम, माझ्या हाताचा मलाच भरवसा न्हाई. तुमी मोजा. त्या दिशी मी कड तर न्हाई ना धरली?"

मी शून्य बघितलं. मग सेन्सर पिनेजवळ नेला, मुद्दाम कड करून. अडीच.

"बघा मामा, काहीच नाही."

ते मीटरकडे बघेनात. माझ्या हाताकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, सरळ धरा."

मला धरवेना. रडूच आलं. शेवटी त्यांनीच मीटर बंद केला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाले आणि पिन खिशात घालून निघून गेले.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले, झरीला लेकीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. फूटपट्टी अजून आमच्या कपाटात आहे. दरवर्षी मी मुलांना आधी शून्य दाखवते. मग सेन्सर सरळ धरायची वेळ आली की पट्टी एखाद्या मुलीच्या हातात देते आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहते.