आतून वाजणारं दार

दार उघडण्याआधी ते आतून वाजवणारं माणूस तुम्ही पाहिलंय का? मी रोज पाहत होते. जालन्यात, कादराबादेत आमची मुलींची शाळा होती, मी तिथली बाई. मुलींना घरून आणणारी, परत पोचवणारी एक म्हातारी हबशी बाई होती. सगळे तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणत. दुपारच्या सुट्टीत ती मागच्या दाराशी जायची, बोटांच्या पेरांनी आतून ठकठक करायची, मग कडी काढून उंबऱ्यावर अर्धी भाकरी ठेवायची.

"खाला, दार बाहेरचा माणूस वाजवतो," मी म्हटलं.

"बाहेरच्याला कळाया नको का बाई, घरात कुनी हाय म्हनून?"

बाहेर कुणी नसायचं. बोळातली कुत्री तेवढी भुंकत. कुत्री सोकावतील, हे बंद करा, असं मी बजावलं. तिने मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी तेच केलं.

जन्म हबसाणातला, म्हणजे इथिओपियातला. लहानपणीच पळवून जंगबारला, म्हणजे झांजिबार बेटावर, विकलेली, तिथून एका अरब जमादाराच्या कुटुंबाबरोबर हैदराबादेत आलेली, आणि नवऱ्याच्या नोकरीपायी जालन्यात. हे ती बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं सांगायची.

मुली पाट्या धुवायला लागल्या की ती त्यांचे हात धरी. "फेको मत. सबक हाय त्यात." जंगबारात पोरं लाकडी फळीवर पाठ लिहीत, मग शाई धुऊन ते पाणी पिऊन टाकत. हबसाणात तिच्या भावाला फळीही नव्हती. तिकडची पोरं घर सोडून दूरच्या ख्रिस्ती देवळातल्या गुरूकडे जात. अंगावर मेंढीचं कातडं, हातात कुत्र्यांसाठी काठी. दारोदार भाकरी मागायची आणि म्हणून म्हणून पाठ करायचं.

"हबसाणात सबक कानातून जातो, जंगबारात पोटातून," ती म्हणायची. "आन् हितं बाईंच्या छडीतून."

मुली हसायच्या. एकीने विचारलं, "खाला, तुमी प्याल्ता का ते पाणी?"

"एकदा. मालकिणीच्या पोराचं, चोरून. कोनती ओळ होती काय म्हाईत. अजून फिरती पोटात."



भाकरीचं तिने मला एकटीलाच सांगितलं. शिकून येईन तेव्हा पहिली भाकरी तुझ्या हातची, असं सांगून भाऊ गेला होता. तो परतायच्या आत तिला पळवलं.

"तो आल्ता आसंल बाई. दार वाजवलं आसंल. आतून कुनी बोललं न्हाई. मंग पुढच्या दाराला गेला. अजून फिरूनच राह्यलाय."

जंगबारात तिने भाकरी बाहेर ठेवली तेव्हा मालकिणीने चोपलं. तिथली पोरं घरी जेवत, दारात मागणारा तो भिकारी. जालन्यात कुणी मारत नव्हतं, एवढंच.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. तरी एकदा मी तिच्या मागे उभी राहिले. दार उघडलं. कुत्री भाकरीवर झेपावली नाहीत. उंबऱ्यापासून एका काठीच्या अंतरावर अर्धगोल करून भुंकत राहिली. एक पुढे सरकलं आणि केकाटून मागे झालं. तिथे काही नव्हतं.

खालाने दार ओढून घेतलं. "खाताना बघू न्हाई, बाई. शरमतो त्यो."

निजामाचं राज्य जायच्या आधीच्या हिवाळ्यात लेकीने तिला हैदराबादेला बोलावून घेतलं. निघताना ती मागच्या दाराशी घुटमळली.

"लेकीचं घर माडीवर हाय. तिथवर त्याला कसं सापडंल? तुमी ठेवाल का भाकरी?"

"मी शाळा चालवते, खाला. अन्नछत्र नाही."

"बराबर हाय," ती म्हणाली आणि टांग्यात बसली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीत कुत्री भुंकायला लागली. डबे सोडून मुली माझ्याकडे बघत राहिल्या. "बाई, खाला न्हाई, मंग कोन देईल?"

शांतता हवी म्हणून मी उठले. दार आतून वाजवलं, डब्यातली अर्धी भाकरी ठेवली. भुंकणं थांबलं. मग रोजचंच झालं. कुत्री काठीभर लांब उभी राहायची आणि मी खाली बघून दार लावायची.

एका दुपारी दार उघडलं आणि कुत्री थेट उंबऱ्यावर आली. भाकरी ओढून नेली, बोळात भांडून खाल्ली. मी उभी राहून सगळं पाहिलं. त्यांना अडवणारं कुणी नव्हतं.

पुढे हैदराबादहून निरोप आला, खाला गेली. कोणत्या दिवशी, ते मी विचारलं नाही.