नव्या खोलीतला ओटा

यजमान गेल्यावर जामखेडचं घर मला खायला उठलं. धाकटा भाऊ न्यायला आला, तेव्हा आढेवेढे न घेता निघाले. भिंगारचं हे घर वडिलांनी लष्करी कचेरीतल्या कारकुनीवर माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी बांधलेलं. काळ्या दगडाचं जोतं, वर मंगलोरी कौलं. लहानपण इथंच गेलं. पण माहेरी चार दिवस येणं वेगळं आणि साठी उलटल्यावर कायमचं राहायला येणं वेगळं.

भावानं माझ्यासाठी परसातल्या सीताफळाच्या झाडाच्या अंगाला एक खोली वाढवायची ठरवली. आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस, हौस दांडगी. "ताई, खोली मागाहून चिकटवल्यासारखी दिसता कामा नये," म्हणायचा. कौलांचा उतार तोच, खिडकीचे गज तसेच, जोत्याची उंचीही तितकीच. जुनी शहाबादी फरशी मिळावी म्हणून टेम्पो घेऊन पार खर्ड्यापर्यंत जाऊन आला. मी त्याची थट्टा करायचे, पण आतून बरं वाटायचं.

मग एकदा त्यानं नकाशा पुढ्यात पसरला. कोपऱ्यात ओटा होता. गॅसची जागा, शेजारी बेसिन.

मी नकाशाची गुंडाळी करून त्याच्या हातात दिली. आमच्याकडे घरात दुसरा ओटा आला की चूल वेगळी झाली, असंच समजतात. भावानं जुन्या घराशी सगळं जुळवलं होतं, फक्त मला सोडून. भावजयीला माझी अडचण होत असणार, तिनंच सुचवलं असणार, असं मी धरून चालले. राग आला, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटली. एकटीपुरत्या दोन पोळ्या लाटायच्या आणि भिंतीकडे तोंड करून खायच्या, याची भीती. जामखेडला तेच तर करत होते.

भिंती चढल्या. एका दुपारी भावजय गवंड्याला चहा द्यायला गेली, मीही मागे होते. भिंतीतून आलेला पाइप बघून तिनं विचारलं, "हा नळ कशाला इथं?"

"ताईंचा वटा हाय न्हवं हितं," गवंडी म्हणाला. "पानी लागनारच की."

ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. "वन्सं, माझ्या हातचं तुम्हाला जात नाही का?"

"मला वाटलं, तूच सांगितलंस."

"मी कशाला सांगेन?"

संध्याकाळी भावाला विचारलं, तर त्यानं ओटा आपल्याच मनानं काढलेला. "तुझं तुला मोकळेपणी करता यावं म्हणून," म्हणाला. ओटा रद्द झाला, पाइपला बूच बसलं. मी भावजयीला जड होत असेन, ही शंका मात्र माझ्या मनातून गेली नाही. तोंडावर 'नको' कोण म्हणणार?

खोलीत राहायला गेले त्या पहिल्या संध्याकाळी पलंगावर बसून होते. पलीकडून फोडणीचा वास आला, मग ताटांचा आवाज. आपण होऊन जावं की बोलावण्याची वाट बघावी, कळेना. बसूनच राहिले.

दार धाडकन उघडलं. हातात उलथनं घेऊन भावजय उभी. "ताटं वाढून किती वेळ झाला! रोज अक्षता द्यायला यायचं का तुम्हाला?"

इतकी वर्षं मी माहेरी पाहुणी म्हणून येत होते, पण ही माझ्यावर कधी ओरडली नव्हती. मी डोळे पुसले आणि तिच्या मागोमाग जेवायला गेले.