राबाचं रान

ठाण्याच्या कचेरीत मी तर्जुम्याच्या कामावर रुजू झालो तेव्हा मला दोन गोष्टींचा गर्व होता. एक माझ्या इंग्रजीचा आणि दुसरा माझ्या मराठीचा. मी घाटावरचा, पुण्यात शिकलेला. इकडच्या लोकांचं बोलणं ऐकलं की मला हसू यायचं. ण आणि ळ ही अक्षरं यांच्या जिभेला अजून भेटलेलीच नाहीत, असं मी कारकुनांना सांगायचो आणि स्वतःच मोठ्याने हसायचो. स्वभावाने मी तापट, नाकावर माशी बसू देत नसे. कुणी माझी चूक काढली तर दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकत असे. पण तशी वेळ फारशी येत नाही अशी माझी समजूत होती.

शेतकऱ्याची जबानी घ्यायची कचेरीची रीत जुनी होती. कारकुनाने ती आधी मोडीत लिहून घ्यायची, त्या माणसाला वाचून दाखवायची, त्याची निशाणी घ्यायची आणि मग तिचं इंग्रजी करायचं. त्यात आख्खा दिवस जाई. आमच्या साहेबाला तेवढा धीर नव्हता. मी आल्यावर त्याने मोडीचा टप्पाच उडवून टाकला. माणूस मराठीत बोलणार, मी ऐकता ऐकता थेट इंग्रजीत उतरवणार आणि तो खाली निशाणी करणार. आमचे म्हातारे शिरस्तेदार एवढंच म्हणाले, "मूळ कागद हाताशी असलेला बरा." मी म्हणालो, मूळ माझ्या कानात आहे. असलं उत्तर सुचल्याचा मला त्या दिवशी आनंदही झाला होता.

मार्गशीर्षात साहेबाची फिरती निघाली. कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या बाजूला, बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एक आगऱ्यांचं गाव होतं. तिथे आंब्यांच्या सावलीत तंबू पडला. गावामागचं रान सरकारने नुकतंच राखीव केलं होतं आणि जंगल खात्याचा शिपाई गावकऱ्यांना त्यात कोयता घालू देत नव्हता. त्यांनी अर्ज केला होता की ऐनाच्या झाडांचा टहाळ, म्हणजे पानांसकट कोवळ्या फांद्या, आम्हाला पूर्वीसारखा तोडू द्यावा. त्याची चौकशी साहेबाने करायची होती.

गावाच्या वतीने बोलायला एक म्हातारे पंच पुढे आले. गावात कुठे तंटा असो, सोयरीक असो, सरकारदरबार असो, बोलायचं झालं की लोक त्यांनाच पुढे करत. अंगाने वाळलेले, पण आवाज खणखणीत. खाली मांडी घालून ते म्हणाले, "आमी राब भाजताव. टहाल नाय त राब नाय. राब नाय त भात नाय."

मी लेखणी थांबवली. "राब म्हणजे काय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. भात म्हणजे काय असं कुणी विचारलं तर माणूस जसं बघेल तसं. "राब म्हंजे राब. दुसरा काय?"

मागे बसलेले लोक हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण माझा पारा चढला. साहेबासमोर या अडाण्यांनी मला हसावं! पुन्हा विचारायचं नाही असं मी ठरवलं आणि डोकं चालवलं. हे लोक शब्दांची मोडतोड करतातच. 'राब' म्हणजे 'रान' असणार. रान भाजतात, त्यावर भात पेरतात, अर्थ लागला. मी लिहिलं की आम्ही भातासाठी जंगल जाळतो आणि ते जाळल्याशिवाय आमचं पीक येत नाही. खाली म्हाताऱ्यांनी शेतकऱ्याच्या रिवाजाप्रमाणे नांगराचं चित्र काढलं. लिहिणं येत नसलं तरी त्यांनी नांगर फार नीट काढला, इसाडाच्या दांडीसकट आणि रुमण्याच्या मुठीसकट.

साहेब आधी दुसऱ्या जिल्ह्यात होता. तिथे डोंगरउतारावरचं जंगल पेटवून नाचणी पेरतात ते त्याने पाहिलेलं आणि त्या प्रकाराचा त्याला भयंकर तिटकारा होता. माझा कागद वाचून त्याने फक्त मान हलवली आणि चहा मागवला.

हुकूम निघाला माघात. तो गावात वाचून दाखवायला मलाच पाठवलं. चावडीसमोर सगळा गाव जमला. इंग्रजी कागद डोळ्यांसमोर धरून मी मराठी बोलत गेलो: अर्ज नामंजूर, राखीव रानात कोयता घातल्यास शिक्षा, कारण गावकऱ्यांच्या पंचांनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं आहे की ते भातासाठी रान जाळतात.

मग एक तरुण गडी म्हाताऱ्यांकडे वळून म्हणाला, "काका, तुमी असा बोललाव?"

"मी असा बोललू नाय."

"मंग नांगर कुनी काढला?"

नांगर त्यांनीच काढला होता. लोक एकेक करून उठून गेले. एक बाई जाता जाता बोलली ते माझ्या कानावर आलं, म्हातारपणी जीभ घसरली आणि गाव बुडवला.

म्हातारे मात्र उठून माझ्याजवळ आले. "भाऊसाहेब, जरा चला," म्हणाले. गावाबाहेरच्या शेतात त्यांनी मला नेलं. तिथे एका कोपऱ्यात, घरापुढच्या अंगणाएवढा चौकोन होता. खाली शेणाचा थर, त्यावर बांधावरच्या एकुलत्या ऐनाचा थोडा टहाळ, त्यावर वाळलं गवत, वर माती. "हा राब," ते म्हणाले. "चैत-वैशाखान हा भाजाचा. पाऊस लागला का याच्यात बी पेराचा. रोपा मोठी झाली का उपटून सगल्या शेतान लावाची. नाय भाजला त तन माजतं न रोप मरतं. मी रान बोललू का हो? मला आठवं नाय. वय झाला."

तेव्हाच, त्या शेतात, बोलायचं होतं मी. बोललो नाही. राब निरखून पाहिल्यासारखं केलं, पुढचा मुक्काम गाठायचा आहे असं काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत बसलो. मी घाबरलो होतो, दुसरं कारण नाही.

ठाण्याला परतल्यावर चार दिवसांनी मी साहेबासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. त्याने मला बसायला खुर्ची दिली, ही गोष्ट त्याआधी कधी झाली नव्हती. त्याचं म्हणणं असं की जबानीवर निशाणी आहे, कागद वर गेलेला आहे आणि वरून त्यावर हुकूमही झालेला आहे. मराठीतलं मूळ असतं तर ताडून बघता आलं असतं, ते नाही. एका शब्दासाठी हा कागद खोटा ठरवला तर तुम्ही लिहिलेले बाकीचे शंभर कागद खरे कशावरून? मग तो म्हणाला की तुमचं इंग्रजी उत्तम आहे, तुमच्या नोकरीला धक्का लागणार नाही, मात्र हे गावात बोलू नका. सरकारी कागदावरचा लोकांचा विश्वास उडता कामा नये.

तो दुष्ट नव्हता. माझ्यापुरतं तर तो चांगलाच वागला आणि तेच मला आजवर गिळता आलेलं नाही. खुर्चीत बसून मी मान डोलावली, 'जी साहेब' म्हणालो आणि बाहेर आलो. शिरस्तेदारांच्या डोळ्याला डोळा देण्याची माझी छाती झाली नाही.

फाल्गुनात काही कामाने कल्याणला गेलो होतो. बाजारात त्याच गावचा तो तरुण गडी भेटला, माठ विकत घेत होता. मी म्हाताऱ्यांची चौकशी केली. "काका आता चावडीवं येत नाय," तो म्हणाला. "पंचातून काढला त्याना. घरान पन कोनाशी बोलत नाय. एकलेच बसतान न तोंडातल्या तोंडान काय पुटपुटतान." त्याने ते अगदी सहज सांगितलं आणि माठावर बोट वाजवून बघू लागला.

ते म्हातारे काय पुटपुटत असतील हे मला न सांगता कळलं. त्या दिवशी आपण तंबूत काय बोललो, तेच ते पुन्हा पुन्हा आठवून बघत असणार. मी ठाण्याचा रस्ता सोडला, भाड्याची गाडी केली आणि गावाकडे निघालो. वाटेत दोनदा गाडीवानाला म्हणालो, परत फीर. दोन्ही वेळा तो थांबला आणि दोन्ही वेळा मीच त्याला पुढे हाक म्हणालो.

चावडीवर आठ-दहा माणसं होती. मी त्यांना सोबत घेतलं आणि म्हाताऱ्यांच्या दारात गेलो. ते ओटीवर बसले होते, त्यांची बायको तांदूळ पाखडत होती. बसा म्हणायला ते उठू लागले तर मी त्यांना उठू दिलं नाही. उभ्याउभ्याच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो, "चूक माझी आहे. यांनी राबच म्हटलं होतं. मला राब ठाऊक नव्हता, पुन्हा विचारायची लाज वाटली, म्हणून मी रान लिहिलं. साहेबालाही मी हे सांगितलं आहे."

मला वाटलं लोक मला शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तरुण गडी खाली बघत राहिला. म्हातारे माझ्याकडे बघतच नव्हते. ते बायकोकडे वळले. सूप तिच्या हातात तसंच राहिलं होतं.

"आयकलास का गो?" ते म्हणाले. "मी बरोबर बोललू व्हतू."

तिने मान डोलावली आणि पदर डोळ्यांना लावला. म्हाताऱ्यांनी तेच वाक्य पुन्हा एकदा, या वेळी जमलेल्या लोकांकडे बघत म्हटलं. मग त्यांनी मला पाणी दिलं, गूळ दिला, ठाण्याला किती वाजता पोचाल असं आपुलकीने विचारलं.

हुकूम फिरणार का, हे त्यांनी विचारलंच नाही.