लोंबता दोरा

मास्तरांची आणि त्या वेलीची पहिली भेट म्हणजे सरळसरळ झटापट होती. टेलिफोन ऑफिसातल्या उंच बाई अस्तर बदलायला कोट घेऊन आल्या, तेव्हा त्यांच्या काखेत एक कुंडी होती. बाई आत आल्या, स्टुलावर बसल्या, घाम पुसून झाला, उकाड्यावर बोलून झालं, तरी कुंडीतली वेल रस्त्यावरून आत येतच होती. निदान मास्तर तरी अजून तसंच सांगतात. तिचं शेपूट कोपऱ्यावरच्या न्हाव्याच्या दारात होतं आणि एक सायकलवाला ते ओलांडायला खाली उतरला होता, असंही ते लहर आली की जोडतात. मास्तर मान खाली घालून एक पँट शिवत होते. वेलीचा शेंडा शिलाई मशीनच्या चाकात शिरला. चाकाने तो गुंडाळायला घेतला. मास्तर पाय मारायचे थांबतात कसले! टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवलेली कुंडी कुणीतरी हाक मारल्यासारखी सरसर चालत आली आणि थेट त्यांच्या मांडीवर बसली.

"बघा, तिनेच जागा शोधली," बाई म्हणाल्या.

बाईंची बदली झाली होती आणि सामानाचा ट्रकवाला झाडं घ्यायला तयार नव्हता. "आठवडाभर सांभाळा हो मास्तर. होया म्हणतात हिला. फुलं अशी येतात, जशी मेणाची केलीत. झुबकेच्या झुबके. संध्याकाळी वास सुटला की माणूस हातातलं टाकून नुसता बसून राहतो." आठवड्याने बाईंनी कोट नेला. वेल न्यायला त्या आजतागायत आलेल्या नाहीत.

मास्तरांचं दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली होतं. वरून कुणी उतरलं की मास्तर न बघता सांगत, "दुसऱ्या मजल्यावरचे. गुडघा दुखतोय." तरुणपणी ते सूट शिवायला शिकले होते, खांद्याला सुरकुती पडली तर उस्तादाचा मार खाल्ला होता. पण पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले. कारखान्यात एक माप ठरतं, त्या मापाची माणसं मात्र कुणी जन्माला घालत नाही. मग पँट आखूड करा, कंबर सैल करा, चेन बदला, पडदे टिपून द्या, एवढंच राहिलं. जग आखूड करण्यात मास्तरांचं सगळं आयुष्य गेलं. मान पुढे झुकली ती झुकलीच. डोळ्यांत संध्याकाळी वाळू गेल्यासारखं व्हायचं. चष्मा पुसून काही उपयोग नाही हे माहीत असूनही ते चष्मा पुसायचे.

पडद्यामागे काकू बसायच्या. काकू म्हणजे मास्तरांची बायको. गिऱ्हाइकं म्हणत म्हणून मास्तरही त्यांना हळूहळू काकूच म्हणायला लागले होते. काज-बटणं आणि हाताची टीप काकूंकडे. त्यांच्या उजव्या हाताची बोटं आता सकाळी उठल्यावर उघडत नसत. गरम पाण्यात बुडवून एकेक सोडवावी लागायची, गाठ सोडवावी तशी.

"अहो, पुरे करू या ना आता," त्या रोज दुकान आवरताना म्हणायच्या. "धाकटी लेक किती दिवस बोलावतेय. वरची खोली रिकामी आहे तिची."

"जाऊ गं. हिला एकदा फूल येऊ दे, लगेच कुलूप लावू," मास्तर एकदा म्हणाले. वेळ मारून न्यायला म्हणाले. पण काकूंनी ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून त्या वेलीच्या मागे हात धुऊन लागल्या. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं. दारातून ऊन सरकेल तशी कुंडी सरकवायची. मापाची पट्टी अडकवायच्या खुंट्यांवरून वेल फिरवून त्यांनी पार छतापर्यंत नेली. दुकानात आल्यावर आधी वेलीकडे बघायच्या, मग कामाच्या ढिगाकडे. दोन्हीकडे बघून झालं की तोच एक सुस्कारा.

वेल वाढत होती, पानंही जाड, तुकतुकीत होती. फूल मात्र नाही. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, मग काकूंनी मोजणं सोडून दिलं.

आता मास्तरांच्या हाताविषयी सांगायला हवं. धागे कापायची चिमटीएवढी कात्री त्यांच्या अंगठ्यातच उगवलेली होती. लोंबता दोरा दिसला की हात शिवशिवायचा, आणि काम झाल्यावर डोक्याला बातमी जायची. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कॉलरचा दोरा त्यांनी कापला आहे. मेहुण्याच्या अंत्ययात्रेत एका साहेबांच्या बाहीचा दोरा कापला, आणि तो नेमका कच्च्या टाक्याचा निघाल्यामुळे साहेबांची बाही खांद्यापासून सुटून मनगटात आली. त्या दिवशी रडणाऱ्यांनासुद्धा तोंड फिरवावं लागलं.

मग एके दुपारी बागेतला माळी आला. गुडघ्यावर फाटलेली पँट मास्तरांच्या हवाली करून, कमरेला पडद्याचं कापड गुंडाळून स्टुलावर बसला. बसल्या बसल्या त्याची नजर केराच्या ढिगाकडे गेली. चिंध्या, धागे, आणि त्यांत बारीक हिरवे-तपकिरी तुकडे.

"हे कोण कापतं, मास्तर?"

"काय?"

"वेलीचे शेंडे."

मास्तरांनी ढिगाकडे पाहिलं. मग हातातल्या कात्रीकडे. "ते होय. लोंबत असतात ते, पान ना फूल. नुसते दोरेच."

"अहो, तेच तर! आधी नुसता दोरा सोडते ती, पानं मागाहून. मग पानाच्या बगलेत हा असा खुंट धरते. फूल येतं ते या खुंटावर. तुम्ही दोराही कापता, खुंटही कापता, आणि मग..." माळ्याने वर छताकडे हात केला. "बिचारी करणार काय?"

पडद्यामागची सुई थांबली. काकू बाहेर आल्या.

"मी पानं पुसत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही मागून कापत होतात?"

"अगं, दोरा वाटला मला."

"दरवेळी?"

"हाताला कळलं नाही."

"हाताला बरोबर कळत होतं," काकू म्हणाल्या.

माळी स्वतःच्या उघड्या पायांकडे बघत बसला. मास्तरांनी त्याची पँट शिवायला घेतली. काकू म्हणतात ते खोटं आहे, असं त्यांना ठामपणे म्हणायचं होतं. पण ते खोटं आहे की नाही हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. दुकान नसलं तर सकाळी उठून हे दोन हात कुठे ठेवायचे, हा विचार त्यांनी आजवर कधी पुरता केला नव्हता. जरा कुठे यायला लागला की तोही कापायचे.

काकूंनी दुसऱ्या दिवशी कात्रीला दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक मशीनच्या पायाला. हात लांब केला तरी वेलीपासून वीतभर अलीकडेच राहील, असं माप घेऊन. बायकोने बांधून ठेवलेला मास्तर बघायला वरच्या मजल्यांवरची माणसं उगाचच पँटी घेऊन उतरली. "मास्तर, चारा-पाणी मिळतं ना?" न्हाव्याने विचारलं. मास्तर म्हणाले, "पाणी वेलीला. मला नुसता चारा."

वेल वाटेल तशी सुटली. माप देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या कानात शिरली, कपडे चढवायच्या बिनहाताच्या पुतळ्याच्या गळ्यात पडली. मास्तर नजर खाली घालून शिवत राहिले. हात शिवशिवला की मांडीखाली दाबून ठेवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात छताजवळ एक झुबका आला. गुलाबी, चांदणीच्या आकाराची फुलं, इतकी रेखीव की मास्तरांनाही टाका शोधून सापडेना. संध्याकाळी वास सुटला. मधाचा एक चिकट थेंब मास्तरांच्या टकलावर पडला. काकू पडद्याबाहेर येऊन स्टुलावर बसल्या. त्या नाचतील, निदान टोमणा तरी मारतील, असं मास्तरांना वाटलं होतं. त्या नुसत्या बसल्या, बोटं मांडीवर पसरून.

"आली गं," मास्तर म्हणाले.

"हं."

"मग हे एवढे चार पडदे उरकून..."

काकूंनी चारही पडद्यांची घडी घातली. पडदे न शिवताच परत गेले.

सामान बांधलं, मशीन दाराशी आणलं. वेल मात्र खुंट्यांना इतकी घट्ट बिलगली होती की सुटेना. मास्तर स्टुलावर चढले, पुन्हा उतरले. "माझ्याच्याने होत नाही," ते म्हणाले. काकूंनी दोरी सोडून कात्री घेतली, आणि आखडलेल्या बोटांनी कुंडीपासून वीतभर ठेवून सगळी वेल कापली. फुलासकट.

धाकटीच्या वरच्या खोलीत एक खिडकी आहे, तिच्यात ती कुंडी. वेलीला तिथे फूल आलेलं नाही. खालच्या मजल्यावरची माणसं मास्तरांकडे पँटी आखूड करायला आणून देतात, आणि काज-बटणं काकूच करतात.