ब्रेंडाबाई, ओरडा माझ्यावर!

भूमच्या स्टँडवरून निघताना एसटीच्या खिडकीतून मी शेवटचा जो माणूस पाहिला तो गोरख, आणि तो माझ्यावर ओरडत होता.

"रफिकभाई, तुमी चालले विलायतेला, पर बांधावरच्या लिंबाचं काय ते सांगून जावा!"

गोरख माझा बांधशेजारी. आमच्या दोन शेतांमधल्या बांधावर एक लिंब (कडुलिंब) आहे. तो त्याचा की माझा, यावर आम्ही केस काळे होते तेव्हापासून भांडतो आहोत. गाडी हलली तरी तो सोबत पळत होता. "तुमी येईस्तवर तोडतोच बघा!"

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "हात तर लावून बघ!"

"चाचा, मुंडी आत घ्या," कंडक्टर म्हणाला. अशा शुभेच्छा घेऊन मी इंग्लंडला निघालो.

मुलगी निलोफर तिकडे दवाखान्यात नर्स आहे. "अब्बा, तीन महिने या, आराम करा," असा तिचा लकडा होता. बेगमनं यायला नकार दिला. तिला विमानापेक्षा माझ्याशिवायचे तीन महिने जास्त मोलाचे वाटले. मी एकटाच गेलो. ज्या गावात गेलो त्याचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, आणि हीच तर माझी तक्रार आहे.

पहिला राग आला तो दुसऱ्याच दिवशी, बाजारात. मी एका उंच माणसाच्या पायावर सणसणीत पाय दिला. बुटातली बोटं चेपल्याचं मला जाणवलं. तो वळला आणि म्हणाला, "सॉरी." पाय माझा, बोटं त्याची, आणि माफी तोच मागतोय! मी तिथंच थांबलो. भूमच्या आठवडी बाजारात एवढ्या अपराधात माझ्या सात पिढ्या निघाल्या असत्या, चार माणसं जमली असती, आणि शेवटी त्याचं नि माझं कुठलं तरी पाहुणपण निघून चहा झाला असता. इथं तो "सॉरी" म्हणून निघून गेला. ना भांडण, ना चहा.

घरही तसंच. बेसिनला दोन नळ, एक भाजणारा आणि एक गोठवणारा, मधलं काही नाही. माणसं मात्र सगळी मधलीच. बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरला धन्यवाद देतो, पण शेजारी बसलेल्याशी अक्षर बोलत नाही. पोराबाळांच्या घरांतूनसुद्धा आवाज येत नाही. निलोफर कामावर गेली की दिवसभर मला माझ्याच चपलांची संगत. मी रोज थोडा थोडा जास्त चिडत होतो आणि चिडायला कारण सापडत नव्हतं.

बोलायचंच झालं तरी माझं इंग्रजी औषधांच्या डब्यांवरचं. भूमला माझं बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. त्यामुळे 'लहान मुलांपासून दूर ठेवा' हे वाक्य मी साहेबाच्या तोडीनं म्हणू शकतो. बाकीचं अडखळत.

कुंपणापलीकडे ब्रेंडाबाई राहायच्या. ऐंशीच्या घरातल्या, एकट्या, एक गुडघा कामातून गेलेला. नवरा केन दोन वर्षांपूर्वी वारला. पाऊस भुरभुरत असताना त्या मला म्हणायच्या, "काय छान दिवस आहे!" मीही मान डोलवायचो. एका सकाळी त्या म्हणाल्या, "तुम्ही शेतकरी ना? चला, माझं शेत दाखवते."

शेत म्हणजे काय ते ऐका. गावाबाहेर नगरपालिकेची एक मोठी जमीन असते. तिचे खळ्याएवढे तुकडे पाडून लोकांना भाड्यानं देतात. प्रत्येक तुकड्यावर एक लाकडी खोपटं. शनिवारी-रविवारी माणसं येतात, चार बटाटे, दोन वेल घेवडा लावतात आणि खोपटापुढे खुर्ची टाकून थर्मासातला चहा पितात. बाजारात जे स्वस्तात मिळतं ते इथं महागात पिकवतात. आणि पाणी? आभाळातून, फुकट, बारमाही! भूमच्या माणसानं हे पाहून काय करावं? काळी, भुसभुशीत, ओलीकच्च माती, आणि तिच्यात ही मंडळी फुलं लावतात! माझ्या डोक्याची शीर तडतडली.

ब्रेंडाबाईंचा तुकडा मात्र गवतानं भरला होता. "जरा रान माजलंय," त्या हसत म्हणाल्या. खरी गोष्ट संध्याकाळी निलोफरकडून कळली. तुकडा कसला नाही तर तो काढून घेतात, मागं तुकडा मागणाऱ्यांची मोठी रांग असते. ब्रेंडाबाईंना या तुकड्यांचा कारभार बघणाऱ्या समितीची एक ताकीद मिळाली होती आणि आता समितीच्या बाई पाहणीला येणार होत्या. केनसोबतची त्यांची सगळी सुट्टी त्या तुकड्यावर गेलेली. तो तुकडाच गेला की त्या घराबाहेर पडणार कशाला?

"मग तिनं मला सांगितलं का नाही?"

"अब्बा, इथं तसं सांगत नाहीत."

दुसऱ्या दिवशी बाईंच्या खोपटातून कुदळ घेऊन मी एकटाच त्या तुकड्यात उतरलो. आल्यापासून साठलेला राग होता तो सगळा हातात आला. पेरणीआधी रान साफ करतात तसं मी ते साफ केलं. एका कडेच्या लांब वाफ्यात तर फारच चिवट मुळं लागली. जाड्या शेवयांच्या गुंत्यासारखी, खोल गेलेली. हराळीची कुठली तरी गोरी जात असणार, असं मी ठरवलं. आयुष्यभर बियाणं विकलेला माणूस मी, विचारायला कशाला जातोय? सगळी मुळं उपटून ढीग केला. आणि धसकटं पेटवायची आपली सवय, तर तो ढीग पेटवला. ओली मुळं ती, धड जळेनात. पांढरा धूर मात्र असा निघाला की पलीकडच्या घरांच्या खिडक्या पटापट बंद झाल्या.

शेजारच्या तुकड्यावर कॉलिन नावाचा गृहस्थ सकाळपासून खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होता. लाल चेहरा, इस्त्रीची पँट, मांडीवर थर्मास. पहिला गुंता उपटला तेव्हा तो म्हणाला, "बरंच काम चाललंय!" दुसरा उपटला तेव्हा म्हणाला, "वा, इंटरेस्टिंग!" मला वाटलं, गडी खूश आहे. मी आणखी जोरात मुळं उपटली.

दुपारी ब्रेंडाबाई काठी टेकत आल्या. काठीच्या टोकानं त्यांनी वाफ्यातली माती सारखी केली. मग म्हणाल्या, "किती कष्ट घेतलेत हो तुम्ही. चहा घेणार?" मी चहा घेतला. वर दोन बिस्किटंही खाल्ली.

दोन दिवसांनी निलोफर कामावरून आली ती पर्स आपटतच. "अब्बा, ते गवत नव्हतं."

ती अॅस्परॅगसची मुळं होती. आपल्या शतावरीची ही चुलत बहीण. वसंतात जमिनीतून बोटाएवढे कोंब येतात, ते उकडून लोण्याशी खातात. एकदा लावलं की पहिली काही वर्षं तोडायचं नाही, नुसतं जपायचं, मग वीस वर्षं देतं. तो वाफा केननं लावलेला. दर मे महिन्यात पहिले कोंब दोघं खोपटापुढे बसून खायचे. गेल्या मे महिन्यात गुडघ्यामुळे ब्रेंडाबाई जाऊ शकल्या नव्हत्या. या वर्षी जाणार होत्या.

"तुम्हाला सांगू नको म्हणाली ती मला," निलोफर म्हणाली. "म्हणे, त्यांना उगीच वाईट वाटेल."

मी तसाच अनवाणी ब्रेंडाबाईंच्या दारात गेलो. "माझी चूक झाली. मी गाढव आहे. मला बोला."

"छे छे, काही बिघडलं नाही."

"बिघडलंय! ओरडा माझ्यावर!"

"या ना आत, केक आहे."

मी बाहेर आलो आणि कुंपणाला लाथ मारली. कुंपणानं तरी आवाज केला. माणसाचं अख्खं काळीज उपटून जाळलं आणि तो केक देतो, याला माणुसकी म्हणायचं? बांधावरच्या लिंबाची एक फांदी मी छाटली होती तर गोरखनं मला सहा महिने झोपू दिलं नव्हतं. पण त्या सहा महिन्यांत त्याच्या मनात माझ्याबद्दल काय आहे, हे मला रोज सकाळी कळत होतं! आणि त्याहून मोठा राग कॉलिनचा. केनच्या शेजारी तो वर्षानुवर्षं बसलेला. वाफा कशाचा हे त्याला ठाऊक होतं. एक शब्द बोलला असता, नुसतं "थांब" म्हणाला असता! नाही बोलला. धुराची तक्रार मात्र त्यानं त्याच संध्याकाळी समितीकडे केली. भाडेकरू नसलेला माणूस शेतात राबतोय, हीदेखील.

पाहणीच्या सकाळी आम्ही सगळे तिथं होतो. मी, निलोफर, ब्रेंडाबाई, कॉलिन आणि समितीच्या बाई. बाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "ब्रेंडा, तुला आता हे झेपत नसेल. सोडलंस तर कुणी नावं ठेवणार नाही."

ब्रेंडाबाई जमिनीकडे बघत हसल्या. "कदाचित तुमचं बरोबर असेल."

कॉलिन म्हणाला, "समजूतदार निर्णय."

झालं. आम्ही घरात दखनी बोलतो, पण राग आला की मला भूमची मराठीच सुचते. "समजूतदार? अरे ए थर्मास! म्या उपटत होतो तवा तोंडात काय मूग धरले होते का रे? इंटरेस्टिंग म्हणतो व्हय? मेलेल्या दोस्ताचा वाफा जळताना चहा पितो! आन् बाई, तुमी, हिला घरात कोंडून मारायची सोय करून ऱ्हायले, ते बी गोड बोलून!"

"सॉरी?" कॉलिन म्हणाला.

"अब्बा, बस!" निलोफर माझी बाही ओढत होती. इंग्रजीत काहीतरी ठणकावून सांगायला हवं होतं. मी ब्रेंडाबाईंच्या पुढे आडवा उभा राहिलो, हात पसरले आणि गरजलो, "लहान मुलांपासून दूर ठेवा!"

आणि मग मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"रफिक! गप्प बस!"

इंग्रजीत लहानमोठ्याला एकच शब्द, पण ते अरे-तुरेच होतं, शंका नको. ब्रेंडाबाईंचा चेहरा लालभडक झाला होता. "माझ्या वतीनं बोलायला तुला कुणी सांगितलं? केनचा वाफा जाळलास, मूर्ख माणसा! आठवडाभर रडतेय मी! विचारता येत नव्हतं? तोंड आहे ना तुला?" मग त्या कॉलिनकडे वळल्या. "आणि तू! केननं तुला दर वर्षी त्यातली जुडी दिली. बसून बघत राहिलास!" मग समितीच्या बाईंकडे. "आणि मला झेपत नाही हे मला ठरवू द्या. हा तुकडा मी सोडणार नाही. लिहून घ्या!"

दोन्ही बाजूंच्या खोपटांतून माणसं बाहेर आली होती. एकाच्या हातात घेवड्याच्या काठ्या तशाच. असं काही त्या जमिनीनं कधी ऐकलं नसावं. मला मात्र इंग्लंडमध्ये आल्यापासून पहिल्यांदा श्वास घेता आला.

समितीच्या बाई घसा साफ करून म्हणाल्या, "तसं... रान साफ तर झालंय. हंगाम संपेपर्यंत पाहू."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर खोपटाच्या दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा होता. आत अॅस्परॅगसची नवी मुळं, ओल्या भुशात जपून ठेवलेली. कॉलिन पलीकडे पाठमोरा बसून टोमॅटोची रोपं मोजत होता. पुन्हा एक शब्द नाही! मी त्याच्या अंगावर जाणार तोच ब्रेंडाबाईंनी काठी माझ्या पोटाला टेकवली. "असू दे. त्याला एवढंच येतं. चर खण."

मी चर खणला. त्या खुर्चीवर बसून हुकूम सोडत होत्या. खोल घे, मुळं पसर, तुडवू नको, डोळे आहेत की बटणं? शेवटचं मूळ मातीत गेलं तेव्हा त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि पुन्हा भडकल्या.

"तीन वर्षं! पहिला कोंब खायला तीन वर्षं! तुझ्यामुळे मला आता तीन वर्षं मरता येणार नाही, कळतंय का तुला?"

"मी येईन खायला," मी म्हणालो.

"आलास तर बघ," त्या म्हणाल्या आणि मला बिस्कीट न देता स्वतःच दोन खाल्ली.

जूनमध्ये परतलो. भूमच्या स्टँडवर उतरलो तेव्हा रिक्षावाले भांडत होते, रसवंतीवाला ग्लासावरून कुणाला तरी झापत होता, आणि मला सगळ्यांचे मुके घ्यावेसे वाटले. थेट शेतावर गेलो. बांधावर गोरख उभा होता.

"या या रफिकभाई," तो हसून म्हणाला. "परवास कसा झाला? तब्येत बरी हाय न्हवं? चहा घेता?"

गोरख आणि गोड? मी त्याच्या खांद्यावरून मागं बघितलं. बांधावर आभाळ जरा जास्तच दिसत होतं.

लिंब गेला होता.

पुढं मी काय बोललो ते लिहिता येण्यासारखं नाही, पण येरमाळ्यापर्यंत ऐकू गेलं असावं. गोरख आधी म्हणाला वाऱ्यानं पडला, मग म्हणाला वाळला होता, मग म्हणाला, "व्हय, तोडला! माझाच व्हता!" तेव्हा कुठं माझा जीव जरा खाली बसला. बोलला एकदाचा. मी त्याची कॉलर धरली.

"नवा लाव. आत्ता. आन् त्याची सावली पडेस्तवर मरायचं न्हाय, सांगून ठेवतो. मला भांडायला माणूस लागतंय."

गोरखनं कॉलर सोडवून घेतली, बांधाकडे पाहिलं आणि विचारलं, "लावतो की. पर कुनाच्या बाजूला?"