ओ नाही देली

मोहाडीच्या स्टँडवर तुमसरच्या गाडीत मी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, अन आत जाऊन पाहतो तं माझ्याच रुमालावर दुसरा माणूस बसलेला. माझा प्रवास नेहमी असाच सुरू होते. उभ्यानंच निंगालो.

आमच्या विणकर समाजाचा अंक निंघते. त्यायनं म्हनलं, कुठं गेले असान तं प्रवासवर्णन द्या. मी दुसरीतून शाळा सोडून पळालो, मले लिहिता येत नाही. मी बोलतो अन माझी बायको शेवंता लिहिते. ते दहावी पास हाये. लग्नात तिचा बाप सांगे, पोरगी डोक्यानं शिकली, जवाई तोंडानं शिकला. खरं हाये. मी झोपलो तरच चूप राहतो, अन शेवंता म्हनते झोपेतही नाही.

बपेरा माझी सासरवाडी. तिथं शेवंताचा लहान भाऊ देवचंद धान करते. त्याच्यासाठी मी मागावर एक दुपट्टा विणला होता, पांढरा, लाल काठाचा. तो पिशवीत होता. तुमसरले गाडी बदलाच्या आधी तर्री-पोहे खाल्ले. पोहे पोटात गेले, तर्री सदऱ्यावर गेली.

सिहोऱ्याच्या गाडीत बाजूले एक रिटायर गुरुजी होते, मांडीवर जाडं पुस्तक. मले चूप बसवत नाही, मी इचारलं, "गुरुजी, पोथी कायची हो?"

"पोथी नाही. दोन विद्वानांचं भांडण आहे. एक म्हणतो माणूस मुळात लांडगा, कायद्यानं बांधून ठेवला म्हणून बरा वागतो. दुसरा म्हणतो माणूस जंगलात चांगला होता, गावात राहून बिघडला. तुम्हाला काय वाटतं?"

"मी तं गावातच बिघडलो, गुरुजी. जंगल पाहिलं नाही अजून." गाडी हासली. मंग मले चढली. "पन एक सांगतो. कपडा आमी विणतो. कपडा हाये म्हनून माणूस माणूस दिसते. म्हंजे माणसं आमीच बनवतो."

गुरुजी हासले. "जंगल पाहून या, मग सांगा."

सिहोऱ्यानंतर दोन्ही बाजूनं बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), काही हिरव्या, काही भेगा पडलेल्या. चैताचं ऊन. बपेरा जवळ आलं तसा मोहफुलांचा गोड वास खिडकीतून येऊ लागला, न पिता डोकं जड करनारा. संध्याकाळी देवचंदनं लाखोरीचं वरण, भात अन बोडीतले (गावच्या लहान तलावातले) मासे खाऊ घातले.

"सकाळी मोह वेचाले येता का, भाऊजी?" तो म्हनला. "मागावर वाकून वाकून तुमची पाठ तं तयारच हाये."

"येतो ना. तुह्यापेक्षा जास्त वेचीन."

पहाटे टोपल्या घेऊन निंगालो, देवचंदच्या खांद्यावर माझा नवा दुपट्टा. जंगलात ज्याचं त्याचं झाड ठरलेलं असते. देवचंदनं मले एका मोहाखाली उभं केलं अन सांगतलं, "आयका भाऊजी. वाकून वेचनारा माणूस जनावराले जनावरच दिसते. म्हनून मदातमदात उभं राहून हाक द्याची. एकानं देली का दुसऱ्यानं ओ द्याची. ओ नाही आली तं समजाचं काहीतरी झालं, अन टोपली टाकून तिकडं धावाचं. तुमचं तोंड तं चालूच राहते, तुमची काही चिंता नाही."

तो पलीकडच्या झाडाकडं गेला. त्यानं हाक देली, मी ओ देली. मी देली, त्यानं देली. मस्त चाललं होतं. मी तं ओ देता देता गानं म्हनत होतो.

मंग मांग काहीतरी फूं फूं करून राहिलं. मले वाटलं कोनाचं म्हशीचं वगार हाये. मी न पाहताच म्हनलो, "सरक ना बाप्पा." अन पाहिलं तं अस्वल. टोपलीतल्याच फुलांत तोंड घातलेलं.

बाजूच्या झाडावर कसा चढलो ते मले माहीत नाही. मी सायकलवर नीट चढत नाही. फांदीवर बसलो अन पायजमा ओला झाला. माणसं बनवनारा विणकर.

तेवढ्यात हाक आली. "हूऊऊ!"

मी ओ नाही देली. देली तं अस्वल वर पाहीन, हेच डोक्यात. दुसरं काहीच नाही. मनगट तोंडात घालून दातानं धरलं.

"भाऊजीऽ!" दुसरी हाक.

मंग पालापाचोळा वाजला. देवचंद टोपली टाकून पळत येऊन राहिला होता, रिकाम्या हातानं. "भाऊजी, ओ द्या ना!" ही तिसरी. झुडपाच्या त्या बाजूनं तो, या बाजूनं अस्वल. दोघंही एकमेकांले दिसत नव्हते, मले वरून दोघंही दिसत होते. 'थांब' एवढंच म्हनाचं होतं. जनमभर जे तोंड चूप नाही राहिलं, ते उघडलं नाही.

अस्वल दोन पायांवर उभं झालं, माणसासारखं. त्यानं पहिला पंजा देवचंदच्या तोंडावर मारला.

आजूबाजूच्या झाडांखालचे लोकं काठ्या घेऊन बोंबलत आले, तव्हा अस्वल गेलं. लोकं दिसले तव्हा मी ओरडलो. लय मोठ्यानं ओरडलो. सर्वायनं तेच आयकलं. खाली उतरून मी तो नवा दुपट्टा त्याच्या डोक्याले बांधला. डोक्याचं कातडं जागेवर राहत नव्हतं. लाल काठ कोनता अन बाकीचा कोनता, कळत नव्हतं.

तुमसरच्या दवाखान्यातून भंडाऱ्याले नेलं. जीव राहिला, डावा डोळा गेला. शेवंता आली तं पट्ट्यांतून तो म्हनला, "बाई, भाऊजी ओरडले म्हनून लोकं आले. नाही तं मेलो असतो." मोठ्या बहिनीले तिकडं बाई म्हनतेत.

शेवंतानं सगळ्यायदेखत माझे पाय धरले. मी पाय मांग नाही घेतले.

ते पानी आनाले गेली तव्हा मी त्याले इचारलं, "काहून खोटं बोलला गा?"

"बाईले तुमच्याच घरी राहाचं हाये," तो म्हनला, अन भिंतीकडं तोंड केलं.

परत येताना गाडीत मले जागा भेटली. साळ्याले वाचवनारा माणूस म्हनून एक म्हातारा उठून उभा झाला अन मी बसलो. गुरुजी कुठं दिसते का पाहिलं. त्यायले सांगाचं होतं, तुमच्या पुस्तकात माझं नाव नाही. लांडगे तरी एकमेकांले ओ देतेत.

घरी शेवंतानं माझ्या ताटात जास्तीचं तूप वाढलं. मी दोनदा भात घेतला.

अंकाले हो म्हनलो तव्हा वाटलं होतं, लाखोरीच्या वरणापर्यंत सांगू अन थांबू. पन आता तोंड थांबलं नाही. जिथं सुटाले पाह्यजे होतं तिथं सुटलं नाही, अन इथं सुटलं. शेवंताचा पेन केव्हाचा थांबला हाये. वहीवर तुपाचा डाग पडला हाये, त्याकडं पाहून राहिली.

"हे लिहू का?" ते म्हनली.

"लिही."

तिनं सारं लिहिलं. खोडलं नाही. मंग वर पाहून इचारलं, "तीनच हाका देल्या त्यानं?"

मी तिले दवाखान्यातही सांगतलं नव्हतं, अन वर सांगतानाही टाळलं.

"चार," मी म्हनलो. "चौथी अस्वल अंगावर होतं तव्हाची. ते माझ्यासाठी नव्हती. 'बाईऽ' म्हनला तो."

शेवंतानं ते चौथी हाक लिहिली. पेन वहीत ठेवला. बपेऱ्याकडं तोंड केलं अन हळूच म्हनली, "ओ."